कळकलेली काडतुसे

जुन्या काडतुसाबद्दल बहुतेकांचा समज असा असतो की फार तर ते उडणार नाही, आणि उडाले नाही तर कुणाचे काय बिघडते? माझा हा समज नोकरीच्या पहिल्याच वर्षी मोडला. पुण्याजवळच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात मी तपासणी विभागात शिकाऊ होतो. एके सकाळी टेबलावर एक रायफल आणून ठेवली. मक्याच्या कणसाची पाने सोलावीत तसा तिच्या नळीचा मागचा भाग उलगडला होता. नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या, म्हणजे बोल्टच्या, खाचेत काहीतरी पांढरे अडकले होते. आमच्या वरिष्ठांनी ते चिमट्याने काढून कागदावर ठेवले. तो माणसाचा दात होता. मुळासकट.

"आता सांगा," ते आम्हां शिकाऊ मुलांकडे वळून म्हणाले, "कुठून सुरुवात कराल?"

मग त्यांनी स्वतःच सुरुवात केली, आणि त्यांनी सांगितलेला क्रम मी पुढे आयुष्यभर पाळला. काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली टोपी, पोटातली दारू आणि तोंडाशी घट्ट धरलेली गोळी. चाप ओढला की पिन टोपीवर आपटते, टोपी पेटते, ती दारूला पेटवते आणि दारूचा वायू होतो. त्या वायूला पुढे जायचे असते तसेच मागेही जायचे असते. मागची वाट बंद करते ती पुंगळी. क्षणभर फुगून ती नळीच्या भिंतीला चिकटते. नेम धरणाऱ्याचा चेहरा नेमका त्या मागच्या वाटेवर असतो. गोळी कुठे लागली हा नंतरचा प्रश्न. आधी पितळ टिकले पाहिजे.

पुढे मी धातुशास्त्र शिकलो आणि सिंगापूरला आलो. मोडलेल्या वस्तू का मोडल्या हे शोधणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम होते. फाटलेले पाइप, तुटलेले शाफ्ट, तडकलेल्या झडपा. सेंगकांगला फ्लॅट घेतला, तेव्हा तिथली एलआरटी ही छोटी रेल्वे नुकतीच सुरू झाली होती आणि आजूबाजूला अजून बांधकामे चालू होती. काडतुसांशी पुन्हा गाठ पडेल असे मला वाटले नव्हते. ती पडली चीफमुळे.

चीफ म्हणजे जहाजावरचे चीफ इंजिनिअर. माझ्याहून बरेच मोठे, नौदलातून निवृत्त होऊन व्यापारी जहाजांवर गेलेले. बुकित पंजांगला राहत. इथली सगळी मराठी माणसे त्यांना चीफच म्हणत, त्यांची बायकोसुद्धा. रागीट माणूस. एकदा फूड कोर्टात रांग मोडणाऱ्याला त्यांनी कॉलर धरून मागे नेऊन उभे केले होते आणि मग त्याच्याच शेजारी बसून शांतपणे जेवले होते. मला ते मास्तर म्हणत, कारण कुठलीही गोष्ट सांगताना मी पहिल्यापासून सांगतो.

त्यांचा डावा डोळा एका इंजिनरूममध्ये उडालेल्या वाफेने अधू झाला होता. त्या डोळ्याला उजेड कळे, माणूस ओळखू येत नसे. जहाजावर चढण्याआधी दर वेळी मेडिकल असे, आणि कंपनीचा डॉक्टर उजव्या डोळ्याच्या भरवशावर कुरकुरत त्यांना पास करी. दिवाळीनंतर एका टँकरवर त्यांना रुजू व्हायचे होते. तो उजवा डोळा होता तोवर चीफ चीफ होते. तो नसता तर बुकित पंजांगच्या बाल्कनीत बसलेले एक म्हातारे गृहस्थ. डॉक्टर सोडला तर हे त्यांच्या बायकोला माहीत होते आणि मला. तिसऱ्या कुणाला कळलेले त्यांना खपत नसे.

शहराच्या पश्चिमेकडच्या एका नेमबाजी क्लबाचे ते सभासद होते, आणि त्यांनी मलाही ओढून नेले होते. या देशात बंदूक घरी ठेवता येत नाही. खिशात एक काडतूस सापडले तरी तुरुंग. सगळे क्लबच्या शस्त्रागारात राहते, मोजून मिळते आणि मोजून परत द्यावे लागते. शस्त्रागार एका निवृत्त चिनी सार्जंटच्या ताब्यात होते. त्यांना सगळे अंकल म्हणत.

त्या वर्षी एक इंग्रज सभासद कायमचा मायदेशी परतला आणि महायुद्धाच्या काळातली आपली लाकडी दस्त्याची रायफल क्लबाला देऊन गेला. सोबत लष्कराने कधीकाळी विकून टाकलेल्या काडतुसांचे पत्र्याचे डबे होते. क्लबाच्या समितीने मला विचारले: ही वापरावीत, की नष्ट करायला पोलिसांच्या हवाली करावीत?

मी पहिला डबा उघडला. काडतुसांच्या बुडावर पुण्याजवळच्या त्याच कारखान्याचा ठसा होता.

"तुझ्याच गावची पोरं निघाली," चीफ म्हणाले. "घे, ओळख पटव."

जुन्या रायफलींची स्पर्धा दिवाळीच्या आधी होती, आणि चीफना त्या रायफलीने याच काडतुसांनी खेळायचे होते. नौदलात भरती झाल्यावर पहिली गोळी त्यांनी तसल्याच रायफलीने मारली होती.

तपासणी नाकापासून सुरू करायची. झाकण उघडताक्षणी आंबूस वास आला तर दारू कुजू लागली आहे. मग डोळे. ठसा वाचायचा, लॉट एकच आहे की मिसळलेला ते पाहायचे. मग बोटे. प्रत्येक काडतूस फिरवून मान पाहायची, कारण पितळ पहिल्यांदा तिथे तडकते. गोळी मानेत सैल झाली असेल तर ते काडतूस बाजूला. शेवटी प्रत्येक डब्यातली काही काडतुसे योग्य अवजाराने उघडून पोट पाहायचे. या जातीच्या काडतुसात दारूची पूड नसते, शेवयांसारख्या काड्या असतात. चांगल्या काड्या मधाच्या रंगाच्या आणि लवचिक. बिघडलेल्या असतील तर मोडतात आणि तपकिरी धूळ सोडतात.

आणि हिरवा डाग. पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात आमटी राहिली की ती कळकते, हे आपल्याकडे प्रत्येक घरात ठाऊक आहे. काडतुसाचे पितळही दमट हवेत तसेच कळकते. डाग वरवरचा असेल तर चालते. त्याखाली खड्डा पडला असेल तर नाही. म्हणून डाग हा साक्षीदार असतो. त्याची साक्ष होईपर्यंत त्याला पुसायचे नाही.

काही रविवार घालवून मी तीन डबे केले: चांगली, संशयित, बाद. तीनही अंकलच्या स्वाधीन केले आणि डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या.

मग दसरा आला. आम्ही बौद्ध, आमच्याकडे त्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन. तोआ पायोहच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही काही कुटुंबे पांढऱ्या कपड्यांत जमलो, वंदना झाली, खीर झाली. चीफनी मला क्लबावर शस्त्रपूजेला बोलावले होते. मी येणार नाही असे सांगितले होते आणि त्यांना त्याचे कारणही माहीत होते.

पुढच्या रविवारी शस्त्रागारात पाऊल ठेवले तेव्हा पहिल्यांदा नाकाला झोंबला तो अमोनिया. रायफलीच्या नळीला सुकलेली झेंडूची माळ होती. टेबलावर एकच मोठा ट्रे होता, आणि त्यात सगळी काडतुसे सोन्यासारखी चमकत होती.

"या, मास्तर," चीफ म्हणाले. "बघ, नवरीसारखी सजवलीत."

"तीन डबे कुठे आहेत?"

"कसले तीन? सगळी एकत्र. पूजेत पंक्तिभेद करायचा नसतो."

"काडतुसांत करावा लागतो," मी म्हणालो. "कशाने घासलीत?"

"तुझ्या वहिनीच्या समईच्या पॉलिशने. वरून खोबरेल तेलाचा हात. शस्त्र कळकलेलं ठेवून पूजा करतात का कुठे?"

अंकलनी हात पसरले. "ही से प्रेयर, मस्ट बी क्लीन," ते सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले. "आय वॉच ओन्ली, लाह."

मी एक काडतूस उचलले. बुडाशी टोपीभोवतीच्या बारीक फटीत पांढरी रेघ दिसत होती. पॉलिशचा लेप तिथे शिरून वाळला होता. मला राग आला, आणि राग आला की माझा आवाज वर्गात शिकवणाऱ्या मास्तरासारखा होतो. मी सांगितले की पलटणींच्या जमान्यात घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेली काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत, कारण पागेतल्या हवेत अमोनिया असे आणि ताणलेल्या पितळेला अमोनिया फाडतो. हे पॉलिश म्हणजे बाटलीत भरलेली तीच पागा. तेल टोपीत झिरपले तर टोपी पेटत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे उशिरा पेटते. शिवाय बाद कुठली आणि चांगली कुठली हे आता देवालाही सांगता येणार नाही. सगळा लॉट बाद.

खोलीत समितीची दोन माणसे होती. मराठी त्यांना कळत नव्हते, माझा सूर कळत होता. चीफचा चेहरा तांबडा झाला.

"घाबरलास असं सरळ सांग ना. तुझ्या बुद्धाने शस्त्र खाली ठेव म्हटलं, आणि तू इथे काडतुसांना मार्क देत बसतोस. एक काहीतरी धर."

"एकच धरलंय, चीफ. तुमचा उजवा डोळा. डावा गेलेलाच आहे."

हे शेवटचे मी समितीच्या माणसांना समजावे म्हणून इंग्रजीत पुन्हा म्हणालो.

ठोसा माझ्या तोंडावर बसला. मी रायफलींच्या रॅकवर आदळलो, लोखंडाचा कोपरा पाठीत घुसला, आणि खालचा ओठ माझ्याच दाताने फाटला. शर्टावर रक्त पडले. चीफ पुन्हा पुढे आले तेव्हा अंकलनी मध्ये येऊन त्यांच्या छातीला हात लावला.

"वन मोर टाइम, बोथ ऑफ यू, आय कॉल पोलीस. आर्म्स इनसाइड, यू नो."

चीफ मुठीची हाडे चोळत राहिले. मग म्हणाले, "लागलं का?"

"लागलं."

"बरं झालं."

समितीने अशा वेळी समिती करते तेच केले, मधली वाट काढली. रायफल बाकाला बसवलेल्या लोखंडी चिमट्यात आवळून, लांबून दोरीने चाप ओढून काही काडतुसे उडवून पाहायची. मी एक अट घातली की रायफलीच्या मागे कुणी बसणार नाही. सगळ्यांनी मान्य केली. चीफनी मान डोलावली नाही, नकारही दिला नाही.

चाचणीच्या दिवशी हवा तापलेली होती. अंकलनी दोरी धरली. पहिले काडतूस उडाले. दुसरे, तिसरे, त्यानंतरचीही. रिकाम्या पुंगळ्या मी उचलून पाहत होतो. काहींच्या मानेवर केसासारख्या भेगा होत्या. मानेची भेग एकटी असेल तर सहसा घात करत नाही. ती खाली पोटाकडे उतरली तर करते. मी हे चीफना दाखवायला वळलो, तर ते चिमटा सोडवत होते.

"दोरीने नेम मारतात का कधी?" ते म्हणाले. "झाली ना तुझी परीक्षा? पास झाली."

"सर, कॅनॉट," अंकल म्हणाले.

"टू शॉट्स, अंकल. टू ओन्ली."

ते बाकावर बसले, दस्ता खांद्याला लावला. घामाने धुकट झालेला संरक्षक चष्मा त्यांनी कपाळावर सरकवला आणि उजवा डोळा नळीच्या रेषेत आणला. पहिली गोळी लागली, काळ्या वर्तुळात, मध्याजवळ. ते हसले. पुन्हा बोल्ट मागेपुढे झाला, पुन्हा चाप ओढला.

खट.

नुसता खट. पिनचा आवाज.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण सगळे तिच्यावर अवलंबून होते. लढाईत काडतूस उडाले नाही तर सैनिकाला शिकवलेले असते की क्षणभरही न थांबता बोल्ट उघडायचा, ते फेकायचे, दुसरे भरायचे. समोर शत्रू असतो, आणि थांबणे जास्त धोक्याचे असते. जुन्या काडतुसाला याच्या नेमका उलटा नियम आहे. नळी समोरच ठेवायची, बोल्टला हात लावायचा नाही, आणि पुरेसा वेळ जाईपर्यंत स्वस्थ बसायचे. आत काहीतरी धुमसत असू शकते. बोल्ट उघडला की मागची वाट उघडते.

चीफचा हात नौदलाने घडवलेला होता. तो विचार न करता बोल्टच्या मुठीवर गेला.

"उघडू नका," मी ओरडलो, आणि त्यांच्यावर पडलो.

मूठ वर उचलली जात होती. मी दोन्ही हातांनी, सगळ्या वजनाने ती खाली दाबली. त्यांचे मनगट मूठ आणि लाकडी दस्ता यांच्यामध्ये सापडले. ते माझ्या तळव्याखाली मोडलेले मला जाणवले, ओली काठी मोडते तसे. त्यांनी शिवी दिली आणि डाव्या हाताने माझा गळा धरला. अंगठा कंठात रुतला. त्यांनी माझे डोके बाकाच्या फळीवर आपटले, पुन्हा आपटले. मी गुडघ्याने दस्ता दाबून धरला, म्हणजे नळी तरी निशाणामागच्या मातीच्या बांधाकडेच राहील. मला श्वास घेता येत नव्हता, आणि मी मूठ सोडत नव्हतो.

मग काडतूस उडाले.

आवाज नेहमीचा नव्हता. स्फोटाच्या आत एक शिट्टी होती, कुकरची असते तशी, पण धारदार. बोल्टच्या कडेने वायू बाहेर आला आणि माझ्या तळहाताची कातडी सोलत गेला. दस्त्याची ढलपी उडून माझ्या दंडात घुसली. बोल्ट बंद होता. एवढे मात्र पक्के होते, तो बंद होता.

चीफच्या उजव्या गालावर खालच्या पापणीपर्यंत काळे ठिपके उमटले होते. काहींतून रक्त येत होते. त्यांनी डोळा मिटला, उघडला, पुन्हा मिटला. मग मोकळ्या हाताने माझ्या कानशिलात मारली. अंकल आणि धावत आलेल्या समितीच्या एका माणसाने आम्हांला वेगळे केले तेव्हा ते एकच वाक्य म्हणत होते: "हात मोडलास माझा. हात मोडलास."

हॉस्पिटलमध्ये एका मजल्यावर त्यांच्या मनगटाला प्लास्टर झाले, दुसऱ्यावर माझ्या हाताला पट्टी. डोळ्यांच्या डॉक्टरने पापणीतले कण काढले आणि डोळा शाबूत आहे म्हणून सांगितले. टँकरवर मात्र दुसरा चीफ गेला. मोडक्या मनगटाच्या माणसाला कुणी इंजिनरूममध्ये पाठवत नाही.

मी चीफच्या घरी फोन केला, तो वहिनींनी घेतला. "भावजी, इथे सकाळपासून ओरडा चाललाय. तुम्ही डोळा वाचवला असं मी म्हणते, हात मोडला असं हे म्हणतात. दोन्ही खरं आहे हे कोण सांगणार यांना?"

मागून चीफचा आवाज आला. "त्याला सांग, माझं जहाज गेलं. त्याचं व्याख्यान राहू दे म्हणावं."

मी व्याख्यान दिले नाही. पण काम अर्धवट सोडण्याची मला सवय नाही. डबे पोलिसांकडे जाण्याआधी समितीची परवानगी घेऊन मी आमच्या प्रयोगशाळेतला छोटा मायक्रोस्कोप शस्त्रागारात नेला, आणि अंकलच्या देखत ती फाटलेली पुंगळी आणि ट्रेमधली आणखी काही काडतुसे एकेक करून पाहू लागलो. पट्टी बांधलेल्या हाताने काम हळू चालले होते.

दार उघडले. चीफ आत आले. हात गळ्यातल्या झोळीत, गालावर अजून निळसर ठिपके. त्यांनी मला नमस्कार केला नाही, मीही केला नाही.

"दाखव," ते म्हणाले.

मी स्टूल सोडले. ते बसले, उजवा डोळा भिंगाला लावला आणि डाव्या हाताने चकती फिरवू लागले. सवयीचा हात नव्हता, वेळ लागला.

"काय दिसतं?" मी विचारले.

"मास्तरकी नको."

"काय दिसतं, चीफ?"

"भेग."

"कुठून कुठवर?"

"मानेपासून खाली." त्यांनी चकती आणखी फिरवली. "खूप खाली. पोटाच्याही खाली आलीय. कडा पिवळ्या, चमकदार. जुनी भेग असती तर काळी पडली असती ना?"

"पडली असती. ही दसऱ्यानंतरची आहे."

मी पुंगळीचे बूड त्यांच्यासमोर फिरवले.

"टोपीच्या बाजूला पांढरं काय आहे?" त्यांनी विचारले.

"पॉलिश. आणि आत तेल."

अंकल डब्यांवर शिक्के मारायचे साहित्य घेऊन उभे होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि ते खाली ठेवले.

"मी उघडला असता तर?" चीफनी विचारले. डोळा भिंगालाच होता.

"तर हे पितळ तुम्ही आता ज्याने बघताय त्या डोळ्यात गेलं असतं."

"मनगट न मोडता जमलं नसतं?"

"तुम्ही गळा सोडला असता तर कदाचित."

ते हसले नाहीत. माझ्या गळ्यावर त्यांच्या अंगठ्याची खूण अजून होती आणि आत शिरताना त्यांनी ती पाहिली होती.

"जहाज गेलं ते गेलं," ते म्हणाले. "त्याबद्दल मी तुला माफबिफ करणार नाही."

"नका करू."

"मेडिकल पुन्हा आहे. प्लास्टर निघालं की."

"डोळ्याचं काय म्हणाला डॉक्टर?"

"तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली मी. तिच्या आधीचीही."

अंकलनी विचारले, "फिनिश?"

चीफ भिंगावर वाकलेलेच होते. डाव्या हाताने त्यांनी ती पुंगळी काचेवरून उचलली, माझ्या पट्टीच्या हातावर अलगद ठेवली, आणि मान वर न करता म्हणाले, "दुसरं लाव."